मधुमेह असलेल्या माणसाला फ्लू किंवा कोविडचा न्यूमोनिया झाला तर: घरातल्या वहीपासून वॉर्डातल्या इन्सुलिनपर्यंत

"काल रात्रीपासून अन्नाचा कण पोटात नाही, मग इन्सुलिन कशाला द्यायचं?"

तापाच्या प्रत्येक साथीत हा प्रश्न मला कोणी ना कोणी विचारतं. विचारणारी बहुतेक वेळा घरातली सून किंवा मुलगी असते, दोन रात्री जागलेली. तिचा तर्क चुकीचा वाटत नाही, आणि म्हणूनच तो धोक्याचा आहे. ताप आला, फुप्फुसाला सूज आली की शरीर कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रेनालिन, ग्लुकागॉन ही संप्रेरकं भराभर सोडतं. यकृत साठवलेली साखर रक्तात ओततं आणि त्याच वेळी इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो. त्यामुळे रुग्ण उपाशी असताना मीटरवर ३२० दिसू शकतं. अशा वेळी इन्सुलिन थांबवलं तर पेशींना ती साखर वापरता येत नाही, शरीर चरबी जाळायला लागतं, कीटोन तयार होतात आणि रक्त आम्लधर्मी व्हायला लागतं. यालाच आम्ही कीटोअ‍ॅसिडोसिस म्हणतो. न्यूमोनियातून वाचू शकणारा माणूस यात दगावू शकतो.

आपल्याकडे फ्लूची साथ पावसाळ्यात आणि पुन्हा जानेवारी ते मार्चच्या सुमारास डोकं वर काढते. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, तेव्हापासून हा विषाणू आपल्यात राहिलेला आहे. कोविडही गेलेला नाही. म्हणून हा लेख वाचून बाजूला ठेवण्यापेक्षा घरात मधुमेह असेल तर आजच एकदा आपल्या डॉक्टरांबरोबर त्यावर बोलून घ्या. खाली औषधांचे आकडे येतील. डॉक्टर काय करत आहेत ते समजावं म्हणून ते दिले आहेत, मनाने डोस ठरवण्यासाठी नाही.

पहिल्या दिवशी: एक वही

ताप आणि खोकला सुरू झाला की एक साधी वही काढा. प्रत्येक नोंदीत वेळ, साखर, ऑक्सिजन, एका मिनिटातले श्वास, ताप, काय खाल्लं-प्यायलं आणि लघवी किती वेळा झाली, एवढं एका ओळीत लिहा. साखरेची वही वेगळी आणि ऑक्सिजनची वेगळी ठेवू नका. दोन्ही आकडे शेजारी शेजारी दिसले पाहिजेत. का, ते पुढे सांगतो.

साखर दर चार तासांनी तपासा, इन्सुलिन घेणाऱ्यांची तर रात्रीही. ग्लुकोमीटर वापरण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. केळं किंवा मोसंबी सोललेल्या बोटाला चिकटलेली साखर आकडा सहज शंभराने वाढवते. सॅनिटायझर लावला असेल तर तो पूर्ण वाळू द्या. हातपाय गार पडलेल्या, रक्तदाब खाली गेलेल्या रुग्णाच्या बोटातल्या थेंबावर विसंबू नका, तिथे शिरेतल्या रक्ताची तपासणी लागते. शिरेतून व्हिटॅमिन सीचे मोठे डोस चालू असतील तर काही ग्लुकोमीटर साखर आहे त्यापेक्षा जास्त दाखवतात आणि त्या आकड्यावर इन्सुलिन दिलं की साखर धोकादायकरीत्या उतरते. हे नर्सला विचारायला संकोच करू नका.

श्वास मोजताना रुग्णाला सांगू नका. सांगितलं की माणूस श्वास बदलतो. नाडी बघतोय असं भासवून पूर्ण एक मिनिट छातीकडे बघा.

औषधाच्या दुकानातून लघवीतले कीटोन तपासायच्या पट्ट्यांची एक डबी आणून ठेवा. टाइप १ मधुमेह असेल तर ही डबी घरात कायमच हवी.

गोळ्यांच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा

हे काम पहिल्याच दिवशी करायचं. पाकिटाच्या मागे, ठळक ब्रँडच्या नावाखाली, औषधाचं खरं नाव असतं. आपल्याकडे एकाच गोळीत दोन-तीन औषधं एकत्र असतात, त्यामुळे "माझी शुगरची गोळी" असं म्हणून भागत नाही.

सगळ्यात आधी 'ग्लिफ्लोझिन'ने संपणारं नाव शोधा: डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन, रेमोग्लिफ्लोझिन. हृदयाला आणि मूत्रपिंडाला ही औषधं एरवी फार चांगली आहेत आणि स्वस्त झाल्यामुळे गावोगाव पोहोचली आहेत. पण ताप, उलट्या, अन्नपाणी कमी अशा स्थितीत ती थांबवायची असतात. ही गोळी साखर लघवीवाटे बाहेर काढते. त्यामुळे मीटरवर १६० किंवा १८० असा बरा आकडा दिसत असतानाही आत कीटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकतो. मला या प्रकाराची सगळ्यात जास्त धास्ती वाटते, कारण आकडा बघून घरचे आणि कधी कधी डॉक्टरही निश्चिंत होतात. गोळी बंद केल्यावरही तिचा परिणाम काही दिवस राहतो, हे लक्षात ठेवा.

मेटफॉर्मिन हलक्या सर्दीत चालू राहू शकतं. उलट्या-जुलाबांनी शरीर कोरडं पडलं, लघवी कमी झाली किंवा ऑक्सिजन उतरला, की ते थांबवायचं. अशा वेळी रक्तात लॅक्टिक आम्ल साठण्याचा धोका असतो. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांचा धोका उलट्या दिशेचा आहे. रुग्ण जेवला नाही तरी ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते आणि पहाटे साखर ५० वर येते. जेवण निम्म्यावर आलं की डॉक्टरांना फोन करून डोस विचाराच. सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन बहुधा तशीच चालू ठेवता येतात. टेल्मिसार्टनसारखी रक्तदाबाची आणि लघवी वाढवणारी औषधं शरीर कोरडं असताना मूत्रपिंडाला जड जातात, त्याबद्दलही विचारा. अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन देऊ नका. तापाला पॅरासिटामॉल पुरे.

इन्सुलिनचं सूत्र मात्र वेगळं. टाइप १ असेल तर दिवसातून एकदा किंवा दोनदा घेतलं जाणारं लांब पल्ल्याचं इन्सुलिन कधीही, कोणत्याही कारणाने, पूर्ण बंद करायचं नाही. टाइप २ मध्येही आपल्या मनाने बंद करायचं नाही. जेवणाआधीचं इन्सुलिन मात्र रुग्ण खरोखर किती खाणार आहे त्याप्रमाणे कमी करावं लागतं.

आणि फ्लूचा संशय असेल तर मधुमेहींनी ओसेल्टामिविर या फ्लूवरच्या औषधासाठी तपासणीच्या अहवालाची वाट बघत बसू नये. लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत ते सुरू केलं तर सगळ्यात जास्त उपयोग होतो. मोठ्या माणसांना नेहमीचा डोस ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस. मूत्रपिंड कमजोर असेल तर तो कमी करावा लागतो, म्हणून क्रिएटिनिनचा जुना अहवाल सोबत न्या.

काय प्यायचं

दर तासाला एक कप तरी पातळ पदार्थ पोटात गेला पाहिजे. साखर २५० च्या वर असेल तर बिनसाखरेचं: पाणी, मीठ घातलेलं पातळ ताक, डाळीचं पाणी, सूप. साखर उतरत असेल तर भाताची पेज, नाचणीची आंबील, दूध. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर मर्यादा असेल तर हे प्रमाण डॉक्टर ठरवतील. शहाळं सगळे प्रेमाने आणतात, पण त्यात पोटॅशियम भरपूर असतं. मूत्रपिंड बिघडलेल्या माणसाला ते देऊ नका. गुळाचा काढा, मधातलं चाटण आणि गोड खोकल्याचं औषध यांचीही वहीत नोंद करा. साखर का वाढली हे शोधताना ती नेमकी विसरली जातात.

साखर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा द्या. रुग्ण बेशुद्ध असेल किंवा गिळत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, तेच फुप्फुसात जातं. १०८ ला फोन करा.

धाप लागली, पण ऑक्सिजन ९८

वहीत साखर आणि श्वास शेजारी का, त्याचं उत्तर इथे आहे.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत एका बाईंना घरचे घेऊन आले. कोविडचा नववा दिवस. ऑक्सिजन सुधारला होता, पण "पुन्हा दम लागतोय" म्हणून सगळे घाबरले होते आणि स्कॅन कुठे लवकर मिळेल ते शोधत होते. मिनिटाला ३२ श्वास, खोल, लयीत, जणू जिना चढून आल्यासारखे. ऑक्सिजन ९८. छातीत नवं काहीच ऐकू येत नव्हतं. साखर ४६०, लघवीत कीटोन तीन प्लस. फुप्फुस बरं होत होतं. रक्तातलं आम्ल बाहेर टाकण्यासाठी शरीर कार्बन डायऑक्साइड जोरजोराने फेकत होतं, म्हणून ती धाप. आदल्या दोन दिवसांत त्यांची साखर कोणी तपासली नव्हती, सगळ्यांचं लक्ष ऑक्सिमीटरवर होतं. त्या बऱ्या झाल्या, पण स्कॅनच्या रांगेत आणखी चार तास गेले असते तर काय झालं असतं, हा विचार मला अजून अस्वस्थ करतो.

न्यूमोनियाच्या धापेत बहुधा ऑक्सिजन उतरतो, श्वास उथळ असतो आणि चालल्यावर त्रास वाढतो. कीटोनच्या धापेत ऑक्सिजन चांगला, श्वास खोल, सोबत मळमळ, पोटदुखी, सुकलेली जीभ, आणि तोंडाला पिकलेल्या फळासारखा किंवा नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास येतो. दोन्ही एकत्रही असू शकतात. म्हणून नियम एकच: मधुमेही माणसाचा श्वास वाढला की ऑक्सिजन, साखर आणि कीटोन तिन्ही तपासायचे, साखरेचा आकडा कितीही बरा दिसला तरी. ग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांसाठी तर हे दुप्पट लागू.

रक्तातले कीटोन मोजायचं यंत्र असेल तर ०.६ पर्यंत ठीक, १.५ च्या वर डॉक्टरांशी तातडीने बोला, ३ किंवा जास्त म्हणजे थेट रुग्णालय. लघवीच्या पट्टीवर दोन प्लस किंवा त्यावर आलं तरी घरी थांबायचं नाही.

याशिवाय ऑक्सिजन ९४ च्या खाली, श्वास मिनिटाला २४ च्या वर, दोनपेक्षा जास्त उलट्या, सहा-आठ तास लघवी नाही, बडबड किंवा गुंगी, साखर सलग दोनदा ३०० च्या वर, यातलं काहीही झालं तर निघा. बरं वाटून दोन दिवस झाल्यावर ताप पुन्हा उसळला तरी निघा, वर जिवाणूंचा न्यूमोनिया बसलेला असू शकतो. आणि छातीत दुखलं नाही म्हणून हृदय ठीक असं समजू नका. कॅनडात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फ्लूचं निदान झाल्यावरच्या पहिल्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्याचं प्रमाण सुमारे सहा पट दिसलं होतं. मधुमेहींना अनेकदा झटका दुखल्याशिवाय येतो: नुसता घाम, मळमळ, एकाएकी अशक्तपणा. ईसीजी काढून घ्या.

वॉर्डात: स्टिरॉइडची दुपार

कोविडमध्ये ऑक्सिजन लागला की डेक्सामेथासोन देतात, रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीने दाखवलं की ऑक्सिजनवर असलेल्यांचे मृत्यू त्याने कमी होतात आणि ऑक्सिजन न लागणाऱ्यांना फायदा होत नाही. या निष्कर्षाचा दुसरा अर्धा भाग आपल्याकडे फार लोक विसरले. घरी, ऑक्सिजन ९७ असताना, मधुमेही माणसाला कोणी स्टिरॉइड लिहून दिलं तर ते का, हे नम्रपणे पण नक्की विचारा. फ्लूच्या न्यूमोनियात तर स्टिरॉइड सरसकट देतच नाहीत. दमा किंवा सीओपीडी (श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसाचा जुनाट आजार) उसळला, रक्तदाब कोसळला, अशी वेगळी कारणं लागतात.

स्टिरॉइडची साखर उपाशीपोटी सापडत नाही. सकाळी प्रेडनिसोलोन घेतलं की साखर दुपारी जेवणानंतर चढायला लागते, संध्याकाळी शिखरावर जाते आणि रात्रीतून पुन्हा उतरते. सकाळी सहाची साखर १३० बघून सगळे समाधानी आणि संध्याकाळी पाचला ती ४२०. डेक्सामेथासोनचा परिणाम दीड-दोन दिवस रेंगाळतो, त्यामुळे तिथे दिवसभर साखर चढी राहते, पण जेवणानंतरची उसळी तशीच असते. म्हणून स्टिरॉइड चालू असताना तिन्ही जेवणांआधी आणि झोपताना, अशी चार वेळा तपासणी हवी, आणि दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी एक. ज्याला मधुमेह नाही त्याचीसुद्धा निदान पहिले दोन दिवस तपासा. कित्येकांचा लपलेला मधुमेह इथेच उघडकीला येतो. दाखल होताना एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) केलं की तो जुना आहे की आत्ताचा, याचा अंदाज येतो.

वॉर्डात साखर १८० च्या वर राहिली की इन्सुलिन सुरू करतात आणि ती १४० ते १८० मध्ये ठेवण्याचा प्रयत्न असतो. ११० पर्यंत आणायचा हट्ट नको, त्यात साखर एकदम पडण्याचा धोका जास्त. फक्त आकडा बघून, साखर वाढली की तेवढ्यापुरतं इन्सुलिन टोचायची जी पद्धत आहे, तिच्यावर एकट्यावर माझा विश्वास नाही. ती नेहमी साखरेच्या मागे धावते. पायाभूत इन्सुलिन, जेवणाचं इन्सुलिन आणि वर दुरुस्तीपुरतं थोडं, अशी त्रिसूत्री जास्त स्थिर ठेवते. सकाळी प्रेडनिसोलोन देत असतील तर त्याबरोबर सकाळीच मध्यम पल्ल्याचं एनपीएच इन्सुलिन चांगलं जुळतं, कारण दोघांचा चढउतार सारखा आहे. नळीवाटे अन्न चालू असेल आणि ते काही कारणाने थांबलं, तर इन्सुलिनचं काय करायचं हे आधीच ठरलेलं हवं.

सगळ्यात नाजूक दिवस स्टिरॉइड कमी होण्याचे. स्टिरॉइड उतरलं की इन्सुलिनही उतरलं पाहिजे. नाहीतर घरी गेल्यावर तिसऱ्या दिवशी पहाटे रुग्ण घामाघूम आणि बेशुद्ध सापडतो.

कीटोअ‍ॅसिडोसिस झालाच तर आत काय चालतं ते नातेवाइकांना माहीत असलं की घालमेल कमी होते. पहिलं औषध सलाईन, कारण शरीरातून काही लिटर पाणी गेलेलं असतं. पण फुप्फुस सुजलेलं असताना सलाईनचा पूर घालूनही चालत नाही, म्हणून डॉक्टर ते मोजून, पुन्हा पुन्हा छाती तपासत देतात. मग पोटॅशियम. ते ३.५ च्या खाली असेल तर आधी ते भरून काढतात, कारण इन्सुलिन पोटॅशियमला पेशींत ढकलतं आणि हृदयाची लय बिघडू शकते. मग पंपाने इन्सुलिन, साधारण किलोमागे तासाला ०.१ युनिट. साखर २५० च्या आसपास आली की ग्लुकोजची बाटली लावतात. "शुगर आहे आणि ग्लुकोज कसं देता?" म्हणून तिथे भांडू नका. साखर खाली आली तरी कीटोन जायला वेळ लागतो आणि ते जाईपर्यंत इन्सुलिन चालू ठेवायचं असतं, म्हणून सोबत ग्लुकोज. पंप बंद करण्याआधी एक-दोन तास त्वचेखालचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन दिलं गेलं का, एवढं मात्र जरूर विचारा.

लाल टोपी, केशरी टोपी

आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटच्या असतात आणि पेनची काडतुसं १०० युनिटची. ४० साठी लाल टोपीची सिरिंज, १०० साठी केशरी. गडबडीत पेन सापडलं नाही म्हणून काडतुसातून लाल टोपीच्या सिरिंजने '१० युनिट' काढले तर प्रत्यक्षात २५ युनिट जातात. रुग्णालयात घरचं इन्सुलिन नेताना त्याच्याबरोबरची सिरिंज त्याच पिशवीत ठेवा आणि पिशवीवर मोठ्या अक्षरात ४० किंवा १०० लिहा.

नाक, डोळा, टाच

मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना म्युकरमायकोसिस (काळी बुरशी) हा नोंद सक्तीचा आजार करायला सांगितलं, तेव्हा महाराष्ट्रात अ‍ॅम्फोटेरिसिनच्या बुरशीविरोधी इंजेक्शनसाठी लोक जिल्हे पालथे घालत होते. वाढलेली साखर, रक्तातलं आम्ल आणि स्टिरॉइड हे तिन्ही एकत्र आले की या बुरशीला रान मोकळं मिळतं. साखर ताब्यात ठेवणं हाच तिच्याविरुद्धचा मुख्य उपाय. आजारपणात आणि घरी आल्यावर निदान सहा आठवडे रोज चेहरा उजेडात बघा: एका बाजूचा गाल सुजलेला किंवा बधिर, नाकातून काळपट किंवा रक्तमिश्रित स्राव, नाकात वा टाळूवर काळी खपली, दात एकाएकी हलणं, पापणी उतरणं, एकाचे दोन दिसणं. यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ. इथे दिवस नाही, तास मोजायचे असतात, कारण औषधाइतकीच सडलेला भाग काढणारी शस्त्रक्रियाही महत्त्वाची आहे.

आडव्या पडलेल्या मधुमेहीच्या टाचा आणि माकडहाड रोज बघा. पायांना संवेदना कमी असेल तर शेकायची पिशवी पायाशी ठेवू नका, भाजलेलं कळतच नाही.

घरी सोडताना

कागदावर चार गोष्टी लिहून घेतल्याशिवाय उठू नका: स्टिरॉइड कोणत्या तारखेला किती कमी होणार, त्या प्रत्येक तारखेला इन्सुलिन किती युनिटने उतरवायचं, थांबवलेल्या गोळ्यांपैकी कोणती कधी सुरू करायची, आणि साखर किती झाली की फोन करायचा. ग्लिफ्लोझिन नीट खाणंपिणं सुरू झाल्यावर एक-दोन दिवसांनी, कीटोन नाहीत याची खात्री करून. मेटफॉर्मिन क्रिएटिनिन बघून. पहिला आठवडा साखर चार वेळा तपासा, त्यातली एक पहाटे तीनची. पहिल्यांदाच मधुमेह सापडला असेल तर तीन महिन्यांनी एचबीएवनसी पुन्हा करा. काहींचं इन्सुलिन तोवर पूर्ण सुटतं.

फ्लूची लस दरवर्षी, आपल्याकडे पावसाळ्याआधी. न्यूमोकोकस या न्यूमोनिया करणाऱ्या जिवाणूविरुद्धची लस घेतलेली नसेल तर तीही, रुग्ण सावरल्यावर पुढच्या तपासणीच्या वेळीच. घरात रुग्णाची काळजी घेणाऱ्यांनीही फ्लूची लस घ्यावी. वही मात्र फेकू नका, पुढच्या खेपेला डॉक्टरांसमोर तीच उघडायची आहे.